हाराचा गोंडा

त्या दिवशी सकाळी मी तासभर खपून भलतीच गाडी सजवली. तेव्हा जळगावात नवरानवरीसाठी पांढरी अँबॅसिडर लागायची, आणि कार्यालयाबाहेर पांढरी अँबॅसिडर उभी होती. याहून जास्त चौकशी करायची असते हे मला सुचलं नाही. टपावर निशिगंधाच्या सरी सोडल्या, पुढे गुलाबांचा बदाम केला, दारांच्या मुठींना झेंडू बांधला. शेवटची चिकटपट्टी दातानं तोडत होतो, तेवढ्यात शेजारच्या घरातून लुंगीतले एक गृहस्थ दात घासत बाहेर आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग थुंकून म्हणाले, "आज माझं लग्न आहे का हो? थांबा, बायकोला विचारून येतो."

मी फुलं उतरवायला लागलो. हा किस्सा पुढची दहा वर्षं पुरेल, असा हिशेब मनात चालला होता, कारण मी फुलांपेक्षा गप्पांवर जास्त जगणारा माणूस. तेवढ्यात खरी गाडी आली. तिच्यातून मुलीचे काका उतरले. मी हसत पुढे झालो, "नाना, ऐका तर काय गंमत झाली—"

नानांनी माझा दंड धरला आणि मला गाडीमागे नेलं.

"आबा गेले," ते म्हणाले. "पहाटे."

आबा म्हणजे नवरीचे वडील. फैजपूरकडचे केळीवाले. हृदयाचा झटका आला म्हणून चार दिवसांपूर्वी त्यांना जळगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं. कार्यालयाच्या दारात उभे असलेले केळीचे चार खांब त्यांनी स्वतः बागेत हिंडून निवडले होते. ते खांब मीच आदल्या दिवशी पुरले. अजून त्यांच्या पानांना चुणीसुद्धा पडली नव्हती.

"कोणाला बोलायचं नाही," नाना म्हणाले. "सुतक लागलं की लग्न थांबलं. धुळ्याची माणसं परत गेली तर पुन्हा येणार नाहीत. आधीच एक सोयरीक मोडली आहे पोरीची. आबाच म्हणाले होते, काही झालं तरी अक्षता पडू द्या."

आबा असं खरंच म्हणाले होते का, ते नानांना आणि देवाला ठाऊक.

"मग मला कशाला सांगितलंत, नाना?"

"हार लागतील ना. अक्षता पडल्या की लगेच न्यायचं आहे. मे महिना आहे." मग माझ्याकडे जरा संशयानं बघून म्हणाले, "तुमच्या पोटात काही राहत नाही म्हणतात. आजच्या दिवस राहू द्या."

राहू दिलं. खरी गाडी सजवली. ती कशी सजवली हे मला आज आठवत नाही.

कार्यालयाच्या मागच्या खोलीत आमचा मांड होता. ओल्या गोणपाटावर मोगरा, परातीत बर्फ, केळीच्या पानात गुंडाळलेले नवरानवरीचे हार. बायको गजरे करत बसली होती. मी तिच्याजवळ बसून पांढऱ्या शेवंतीचे दोन हार ओवायला घेतले. कोणाचे म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, "असू देत जास्तीचे." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दोऱ्याला लागली.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाच्या हाराला खाली गोंडा असतो. मयताच्या हाराला आम्ही गोंडा लावत नाही. ही वडिलांची शिकवण. बाकीचे फुलवाले पाळतात की नाही मला माहीत नाही, आमच्या घरात पाळतात. माझ्या हाताला तर ते इतकं बसलेलं की डोक्याला विचारावं लागत नाही.

बायको गजऱ्यांचं ताट घेऊन बाहेर गेली आणि नवरी आत आली. अंगाला हळद, हातभर हिरव्या बांगड्या. बरोबरच्या करवलीला तिनं पाणी आणायला पिटाळलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"भाऊ, माझ्या हारासारखाच अजून एक आहे का?"

होता. नवरानवरीच्या हारांबरोबर आम्ही नेहमी एक जास्तीचा करतो. वऱ्हाडातलं एखादं पोरगं ऐन वेळी हारावर बसतं, असा अनुभव आहे.

"तो दवाखान्यात पाठवाल? आबांच्या उशाशी ठेवायला सांगा. मी कोणता हार घातला होता, हे तरी त्यांना दिसू दे. तिथं एकटेच पडलेत."

"पाठवतो की," मी म्हणालो. "लगेच पाठवतो. बघून खूश होतील."

आवाज अगदी ठीक होता. याबद्दल मी स्वतःला शाबासकी द्यायच्या बेतात होतो. हार बाहेर काढला, पाणी झटकलं, डाव्या हातावर घेतला, उजव्या हातानं कात्री उचलली आणि कच्चकन गोंडा कापून टाकला.

गोंडा गोणपाटावर पडला. लाल गुलाबाचा, भोवती जर.

तीन वर्षांपूर्वी याच मुलीची आई गेली, तेव्हा फैजपूरला त्यांच्या अंगणात मीच हार करत होतो. ही फ्रॉकमधून नुकती बाहेर पडलेली पोर खांबाला टेकून माझे हात बघत होती. "याला गोंडा का नाही?" तिनं विचारलं होतं. गप्प बसावं की नाही? पण मला माहिती देण्याची हौस. "गोंडा शेवटी बांधतात, बाळ," मी म्हणालो होतो. "जाणाऱ्या माणसाला काही बांधायचं नसतं."

ती आता गोंड्याकडे बघत होती. मी कात्री मागे लपवली, जणू त्यानं काही होणार होतं.

"कधी?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. तोंडाला सवय आहे. पण तोंड उघडलं तर निघालं तेच, "पहाटे."

ती रडली नाही. बाहेर सनई लागली होती. खिडकीतून कोणीतरी वऱ्हाडीण ओरडली, "ओ फुलवाला भाऊ, हार कोठे शेतस? बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात!"

नवरीनं गोंडा उचलला आणि मुठीत धरला.

"मला कळलंय हे नानांना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना खूप जड जात असेल."

करवली पाणी घेऊन आली. तांब्यातलं सगळं पाणी पिऊन नवरी उठली.

मी मांडवाच्या कडेला उभा राहून मंगलाष्टकं ऐकली. तिनं उजव्या हातानं, आणि डाव्याची नुसती बोटं लावून, हार घातला. डावी मूठ शेवटपर्यंत मिटलेली. अक्षता पडल्या. धुळ्याची मंडळी वाजंत्रीसमोर नाचली. मग नानांनी तिला बाजूला नेऊन सांगितलं आणि स्वतःच हमसून रडायला लागले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बायका आपसात बोलल्या ते मी ऐकलं. "बाप गेला तरी डोळ्यात टिपूस नाही. दगडाची पोर!" वरपक्षातले दोघंतिघं आवाज चढवत होते, "आम्हाला फसवलं." मला सगळं माहीत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायचं नव्हतं.

गाडीवरची फुलं पाच मिनिटांत ओरबाडून काढली. निशिगंधाचे देठ काचेला चिकटून राहिले. त्याच गाडीतून नवरानवरी दवाखान्यात गेली. हार घेऊन मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो.

आबांच्या अंगावर पांढरी चादर होती. नानांनी शेवंतीचे हार घातले. मग तिनं माझ्या हातातला तो तिसरा हार घेतला आणि घातला. वाकली, मूठ उघडली. गोंडा चुरगळून काळा पडला होता.

"भाऊ, दोरा."

दोरा माझ्या अंगठ्याला गुंडाळलेलाच असतो. दिला. तिनं बापाच्या छातीवर गोंडा धरला आणि हाराला बांधला. गाठ सुटली. दुसऱ्यांदा बांधला. मग तिथंच डोकं टेकून रडली.

संध्याकाळी घरी रिकाम्या पराती धुताना बायकोला सगळं सांगितलं. कात्रीपर्यंत आलो तेव्हा म्हणालो, "या हातानं घात केला. नाहीतर तिचं लग्न तरी सुखानं लागलं असतं."

ती परात घासत राहिली.

"मला सकाळीच कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही भलतीच गाडी सजवलीत आणि कोणालाही हसवून सांगितलं नाही. तो लुंगीवाला आत येऊन सगळ्यांना सांगत होता, आणि तुम्ही मान खाली घालून शेवंती ओवत होता. ती पोर दारातच उभी होती तेव्हा, माझ्यासारखीच तुमच्याकडे बघत. कात्रीला कशाला दोष देता?"