विक्याचा तांब्या आता इस्लामपुरात

मंडळी, आज लय जळफळाट झालाय, म्हणून लिवतोय.

हंगाम संपल्यावर आमच्या आष्ट्याच्या कबड्डी संघानं चढाई करणाऱ्या विक्याला सोडलं. कमिटी म्हणती, गुडघा गेलाय. त्याच्या जागी बाहेरनं दोन उंच रेडर आणले. आरं, रेडर किती भरताय? कोपऱ्यात पकड करणारा एक गडी न्हाई आपल्याकडं.

आज कामानं इस्लामपूरला गेलो, तर विक्या तिथल्या संघाच्या जर्सीत सराव करत होता. कुणाला घावत नव्हता.

तेवढंबी सोसलं. पण सराव संपल्यावर तिथल्या एका माणसानं त्याच्या हातात दुधाचा तांब्या दिला. इतकी वर्सं ते काम माझं होतं. माझ्या म्हशीचं दूध, रोज सकाळी.

मला बघून विक्या पळत आला, पाया पडला.

मी इचारलं, "दूध कसं हाय रं इथलं?"

"गाईचं हाय काका. पातळ लागतं जरा."

मला लय बरं वाटलं. मग त्यानं तांब्या तोंडाला लावला आन् थेंब न ठेवता रिकामा केला.

माझ्याकडं असताना, पोट भरलं म्हणून रोज घोटभर ठेवायचा.

मंडळी, गडी गेला ते सोसंल. हे कसं सोसायचं, सांगा.