बाहेरच्या बाजूची कडी

"गड्याची हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "रानात कामाला येत्यात न्हाई का, त्यांची."

पाहुण्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पोह्यांचा ट्रे होता. लिंबाचा, कोथिंबिरीचा, गरम तेलाचा वास तोंडावर येत होता. पडवीच्या लोखंडी जाळीआड माझी सात वर्षांची मुलगी, सानवी, एकाच तारेवरून बोट फिरवत होती. वरून खाली. वरून खाली. त्या तारेला जुळेल असा एक बारीक सूर तिच्या घशातून येत होता.

"हो का?" बाईंनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

त्या दिवशी सासूबाईंनी माझा अपमान केला, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. ते अर्धंच खरं आहे. उरलेला अर्धा मी केला. ट्रे सरळ धरून, पदर सावरून, एका अक्षरात.

पाहुणे माझ्या नणंदेला, पल्लवीला, बघायला आले होते. आमचं घर पिंपळवंडीच्या शिवारात, मळ्यात. तीन बाजूंनी ऊस. शेजारच्या गोठ्यातलं वासरू बिबट्याने ओढून नेलं, त्याच आठवड्यात सासऱ्यांनी पडवीला जाळी बसवून घेतली. आमच्याकडे आता बहुतेक मळ्यांतल्या घरांना अशी जाळी असते, त्यात नवल काही नाही. वेल्डिंगवाल्याने विचारलं, "मामा, कडी कुठल्या अंगानं लावू?"

"भाईरनं," सासरे म्हणाले.

मी चहा घेऊन तिथेच उभी होते. बिबट्याला आत येऊ द्यायचं नसेल तर कडी आतून हवी. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलंही असेल. मी कपबशा गोळा केल्या.

सानवी तीन वर्षांची असताना पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला स्वमग्नता आहे. हा ताप नव्हे, उतरायचा नाही. हिचं जग आपल्यापेक्षा मोठ्या आवाजाचं, टोकदार उजेडाचं आहे. तुम्ही त्यात जायला शिका. नवऱ्याने तो कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. "पल्लीचं जमेपर्यंत कुणाला बोलू नको," एवढंच म्हणाला आणि चाकणला दुसऱ्या पाळीला निघून गेला.

तेव्हापासून माझे दिवस एकसारखे आहेत. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद करते, कारण शिट्टी तिच्या कानात सुईसारखी शिरते. मग डाळ कच्ची राहते आणि सासरे ताट पुढे सारतात. भाकरी अखंड हवी. पापुद्रा फाटला तरी ती सबंध भाकरी तिच्यासाठी नाहीशी होते. केस विंचरताना मी अठ्ठावीसपर्यंत आकडे म्हणते, सत्ताविसावर थांबले तर ती भिंतीवर डोकं आपटते. आणि पाण्याचा आवाज आला की ती धावत सुटते, पाटाकडे, विहिरीकडे, चप्पल नाही, भान नाही. म्हणून खोटं कशाला बोलू, स्वयंपाक करताना ती कडी मीही लावते. भाकरी थापते आणि कान जाळीकडे ठेवते. मग तिचं ताट घेऊन आत जाते आणि आम्ही दोघी तिथेच जेवतो. वाऱ्यावर उसाची पाती एकमेकांवर घासतात. जाळीच्या सावलीच्या चौकटी आमच्या ताटात पडतात. कधीकधी वाटतं, वेल्डिंगवाल्याने माप दोघींचं घेतलं होतं.

माझं माहेर मेंढपाळाचं. सासरचे आमच्याच समाजातले, पण त्यांनी मेंढरं दोन पिढ्यांपूर्वीच विकली आणि बागायत केली. त्यामुळे सानवीचं जे काही आहे ते माझ्याकडून आलं, हे घरात ठरलेलं. "मेंढरामागं फिरनाऱ्याची लेक," सासूबाई बायकांत हसून म्हणतात. "रगतातच रान हाय. पोरगी तरी घरात ठरंल कशी?" बायका हसतात. मीही हसले आहे.

सानवी प्रश्नाला उत्तर देत नाही. पण ऐकलेलं वाक्य ती जसंच्या तसं सांभाळते. बोलणाऱ्याचा हेल, दम, खाकरणंसुद्धा. पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या डोक्यावर पाणी ओतत होते. शिकेकाईचा फेस तिच्या कपाळावरून उतरत होता आणि ती शांतपणे म्हणाली, "गड्याची हाय ती."

सासूबाईंचा आवाज. हुबेहूब.

"हो का?" पाहुण्या बाईंचा.

आणि मग माझा. मला माझा आवाज इतका स्वच्छ कधीच ऐकू आला नव्हता. "हो."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. ती पुढचे अनेक दिवस ते म्हणत होती. भाकरी खाताना. जाळीची तार चाळवताना. तिच्या मनात राग नव्हता. तिने मला दोष दिला नाही. तिने फक्त ऐकलं होतं, आणि मी समजत होते की तिला काही कळत नाही.

त्याच सुमारास आबा आले, माझे वडील. कोकणातून परतताना त्यांचा कळप जवळच्या बोरी गावच्या रानात बसला होता. ते घरात आले नाहीत. सासऱ्यांच्या सोफ्यावर बसायला त्यांना आवडत नाही, आणि त्यांनी बसावं असं कुणी म्हणतही नाही. ते पडवीबाहेर, जाळीला पाठ लावून खाली बसले. सानवीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जिभेने टाळूवर टक्‌ टक्‌ आवाज काढत राहिले, बुजऱ्या कोकराजवळ काढतात तसा. मी कडी काढली. थोड्या वेळाने ती बाहेर आली, त्यांच्या कडेला चिकटली आणि त्यांच्या घोंगडीखाली शिरली. लोकरीचं ते जड, खरबरीत वजन अंगावर पडताच तिचं डोलणं थांबलं. पावसात भिजून सुकलेल्या मेंढराचा वास होता त्या घोंगडीला. माझ्या बालपणाचा वास.

घोंगडीच्या आतून आवाज आला, "गड्याची हाय ती."

"काय म्हनती ही?" आबांनी विचारलं.

मी सांगितलं. माझ्या 'हो'सकट सांगितलं.

"जाळी तर आमी बी लावतो, बाय," ते म्हणाले. "लांडग्यासाठनं. पर ती रातची. दिस उजाडला की सोडायचं. दिसभर कोंडलेलं जितराब उभ्या उभ्या मरतंय. खायाला घाला न्हाईतर नगा घालू."

त्यांनी मला माहेरी चल म्हटलं नाही. त्यांच्याकडे न्यायला भिंती नाहीत. घोंगडी तेवढी सानवीच्या अंगावर ठेवून ते उठले.

पाहुणे दुसऱ्यांदा आले ते थोरामोठ्यांना घेऊन, सुपारी फोडायच्या तयारीने. सासूबाई स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "आजच्याला तेवढं निभाव. कडी लाव. आन् ते घोंगडं माळ्यावर टाक, घरभर वास मारतंय."

बाहेर मुलाचे मामा रंगात आले होते. "तुमच्याकडं यायचं म्हंजी जीव मुठीत, राव! वाटंत आधी बिबट्या भेटतो का सोयरा, कळत न्हाई." सगळे हसले. सासरे सगळ्यांत मोठ्याने.

मी हात धुतले. पडवीकडे गेले. कडी काढली आणि सानवीच्या खांद्यावर हात ठेवला. तिने घोंगडी डोक्यावरून घेतली होती, दोन्ही तळवे कानांवर. आम्ही दोघी बैठकीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिलो.

"ही माझी मुलगी आहे, सानवी. मागच्या वेळी ही गड्याची आहे असं तुम्हाला सांगितलं. मीही हो म्हणाले. ते खोटं होतं. हिला स्वमग्नता आहे. ही ह्या घरातली थोरली नात आहे."

सानवीने कानावरचा एक हात काढला आणि पाहुण्या बाईंच्या काचेच्या बांगड्यांना बोट लावलं. बाईंनी हात मागे घेतला.

"असू द्या, असू द्या," मामा म्हणाले. चहा पिऊन झाला. सुपारी पिशवीतच राहिली.

तिसऱ्या दिवशी फोन आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी आधीच जुळवलेली होती.

पल्लवी माझ्या खोलीच्या दारात आली. तिचे डोळे सुजले होते. "माझं वाटोळं करून काय मिळालं, वहिनी?" तिचं दुःख खरं होतं. ते माझ्यामुळे होतं हेही खरं. आजही मी ते नाकारत नाही.

नवरा म्हणाला, "लग्न होईपर्यंत थांबायचं होतंस."

"मग?"

"मग बघितलं असतं."

मला पुढची सगळी वर्षं दिसली. पल्लवीचं लग्न, मग बाळंतपण, मग धाकट्या दिराची सोयरीक, मग बारसं, मग कुणाचं तरी तेरावं. ह्या घरात पाहुणे यायचे कधी संपणार नाहीत. म्हणजे थांबणंही कधी संपणार नाही. मी कपाटातल्या साड्या बाजूला केल्या आणि डॉक्टरांचा कागद काढून घेतला.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मी केलेली भाजी सासरे खात नाहीत. माझ्या बाजूने ह्या घरात कुणीही उभं नाही. मळ्यातून गावात जायला एकच वाट आहे, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक ओट्यावर आता माझं नाव निघतं. त्याच वाटेने मी सानवीला शाळेत घेऊन जाते, सकाळी, भर उजेडात. शाळेच्या बाई म्हणाल्या, "वर विचारून सांगते." मी म्हणाले, विचारा, तोवर आम्ही वर्गाच्या दाराशी बसतो. आज चौथा दिवस. मुलांचा गलका वाढला की ती किंचाळते, आणि वर्ग मागे वळून बघतो. बघू दे.

ह्या घरात राहायचं की बाहेर पडायचं, ते अजून ठरलेलं नाही. तिला नाकारून कुठेच राहायचं नाही, एवढं ठरलं आहे.