उजवीकडून वाचलेली भिंत

माझी धाकटी नात पाटीवर अक्षर काढायच्या आधी कोंबडी काढायला शिकली. तेव्हापासून तिनं घरात काही कोरं ठेवलं नाही. पिठाच्या डब्याचं झाकण, कॅलेंडरची पाठ, माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांचं खोकं, सगळ्यावर चौकटी आणि चौकटींत माणसं. एक चित्र काढून थांबावं की नाही? पण हिला पुढं काय झालं तेही काढायचं असतं. आता परभणीला कॉलेजात जाते आणि एसटीत शेजारी बसलेल्या बायांचीही कॉमिक्स करते.

थोरल्या नातीचं लग्न ठरलं. आमच्याकडं लग्नघराच्या दाराच्या दोन्ही बाजूंना पेंटर हत्ती, चोपदार आणि नवरा-नवरीची नावं काढून जातो. धाकटी म्हणाली, पेंटर नको, मी काढते. माझ्या मुलाला वाटलं, हत्तीच काढील. तिच्या हाती भिंत देऊ नका, असं मी म्हणाले होते. माझं कोण ऐकतं?

तिनं डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. पाहुणे बघायला आले, पोहे झाले, सुपारी फुटली, हळद लागली. दाराच्या पलीकडं अक्षता, आणि अगदी उजवीकडं नवरी रडत जीपमध्ये बसते. हत्ती कुठंच नाही.

बस्त्याला मानवतला जाताना नवरदेवाकडची माणसं चहाला थांबली. ती आली स्टँडकडून, म्हणजे उजवीकडून. नवरदेवाची आत्या जीपमधून उतरली, एकेक चौकट बघत डाव्या टोकाला गेली आणि तिथंच उभी राहून ओरडली, “पोरगी रडत जीपमधून उतरली, अन् शेवटी माहेरात पोहे करत बसली! लग्नाच्या आधीच माघारी आणली का वो तिला?”

चहाला कुणी हात लावेना. माझा मुलगा भिंत पुसायला चुन्याची बादली आणायला पळाला. थोरली आत रडायला लागली. आणि धाकटी शिडीवरून म्हणते, “आत्या, तुमी उलटं वाचायलाव.”

“तू गप बस गं,” मी म्हणाले. आत्याबाईंचा हात धरला आणि पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. “हितून बघा. हे तुमी आलाव. हे पोहे. ही सुपारी.”

त्या तिथं थांबल्या. “ही अडकित्तावाली मीच का?”

“तुमीच.”

“अन् माझी नथ?”

धाकटीनं तिथल्या तिथं चित्रात नथ काढून दिली, तेव्हा कुठं पाहुणे चहा प्यायले आणि बस्त्याला गेले.

मला मात्र अक्षता पडेपर्यंत धास्ती. पाहुणे सगळे स्टँडकडूनच येणार. धाकटीला पुसते का म्हटलं तर ती पुसणार नाही. शेवटी उजव्या कोपऱ्यात मी खाट आडवी टाकली आणि तिच्यावर बसून राहिले. येईल त्याला सांगायचं, “तिकडून बघत या.” नातीच्या लग्नात मला एवढंच काम मिळालं.