खंडेनवमीचे ससे

प्राध्यापक कांता परब यांचा विषय जीवशास्त्रातली नीती. मुंगीपासून माणसापर्यंत कुणाशी कसं वागावं, हे त्यांनी गिरगावातल्या कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. आणि ही सगळी विद्या सुरू झाली ती सशांनी झेंडू खाल्ला म्हणून!

ब्याऐंशीच्या संपाला नऊ महिने होऊन गेले होते. कांताचे वडील लवू परब लालबागच्या गिरणीत विणकर. संप फोडून कामावर जायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. म्हणून त्यांनी परळच्या एका प्रयोगशाळेत सशांचे पिंजरे धुण्याचं काम धरलं. त्यावर कांताचं बी.ए. कसंबसं तगून होतं.

आली खंडेनवमी. गिरणीत या दिवशी मागाला हार घालायचा, ही वीस वर्षांची सवय. लवूंनी सकाळीच पिंजऱ्यांना झेंडूचे हार बांधले, सशांच्या कपाळाला कुंकू लावलं. सशांनी हार मटामटा खाल्ले. मोजूनमापून खाणं देत दोन महिने चालवलेला प्रयोग मातीत गेला.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. जयवंत भयंकर भडकले. आता नोकरी जाणार आणि पाठोपाठ आपलं कॉलेज, हे कांताला दिसत होतं. ती वडिलांबरोबर गेली आणि घोकून ठेवलेलं वाक्य तिने म्हणून टाकलं, "साहेब, बाबा अडाणी आहेत. माफ करा."

लवूंनी हातानेच तिला थांबवलं.

"अडाणी बिडाणी काय नाय, साहेब. चूक झाली, पण ती वेगळीच. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. माग गप उभा असतो. हा ससा कुंकू लावताना अंग चोरून कोपऱ्यात बसला. त्याला हत्यारांत धरला, ती माझी चूक."

डॉक्टरांनी प्रयोगाच्या वहीचं नवं पान उघडलं. मग म्हणाले, "प्रयोग पुन्हा लावू. उद्या वेळेवर या."

कांताला मात्र स्वतःची इतकी लाज वाटली की घर येईस्तोवर तिने मान वर केली नाही.

पुढे एम.ए., पीएच.डी., नोकरी. प्रयोगातल्या प्राण्याला साधन म्हणावं का, यावर तिने चारशे पानांचा प्रबंध लिहिला, त्याचं पुस्तक निघालं. लवू चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचत राहिले. बाराव्या दिवशी त्यांना एक तळटीप सापडली. 'हा भेद मला लवू परब, विणकर, यांनी दाखवला.'

म्हातारा हरखला. मग त्याच्या भुवया चढल्या आणि घरची मालवणी बाहेर आली.

"ह्या माझाच म्हणणा ना? मगे खाली कित्याक घातलंस? आणि इतक्या बारीक अक्षरांत?"

तीन परीक्षकांपैकी एकालाही हे विचारायचं सुचलं नव्हतं. कांता खो खो हसली आणि हसता हसता रडली. दुसऱ्या आवृत्तीतलं पहिलं वाक्य लवू परबांच्या नावाने सुरू होतं.