वांढरेकाकांचा उभा धोंडा

चालता चालता उभा दगड दिसला की वांढरेकाका थांबत. रस्त्यावरचा मैलाचा दगड असो की बोनकोड्यातल्या जुन्या शेताच्या हद्दीचा, त्याला तळहात लावत आणि मगच पुढे जात. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीतली पोरं त्यांना 'दगडकाका' म्हणत. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू!

चंद्रपूरकडे त्यांची नोकरीच तशी होती. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी उभे केलेले भलेमोठे दगड हुडकायचे आणि त्यांची चित्रं काढायची. मी एकदा शहाणपणा दाखवत 'महापाषाण' म्हटलं, तर म्हणाले, "ते पुस्तकात जी, ताई. गावात उभा धोंडाच म्हणतेत. आमच्या इकडं जंगलातले लोक अजूनही उभा करतेत, घरचं कोणी गेलं का."

"नाव कोरतात?"

"नाव कायले? ज्याले आठवते, त्याले मालूम असते."

काकांची बायको, सुमनकाकू, गेल्या तेव्हा मुलगा परदेशातून आला आणि आठ दिवसांत परत गेला. मग काकांनी पावण्याच्या दगडखाणीतून टेम्पोने कमरेएवढा काळा दगड आणला आणि कुंपणाजवळ पुरला. रोज संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची टाकून शेजारी बसत. आज भाजीत मीठ जास्त पडलं, इथपासून सगळं त्याला सांगत.

कमिटीला ते खुपलं. "सोसायटीत समाधी? उद्या इथे फ्लॅट कोण घेणार?" सोमवारी दगड काढायचं ठरलं. माझा जीव तुटला. रविवारी गुपचूप खाली जाऊन मी त्याला शेंदूर फासला, झेंडूचा हार घातला. झालं! सोमवारी मजुरांनी पहार खाली ठेवून हात जोडले, सेक्रेटरींनी चपला काढल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

संध्याकाळी काका खुर्ची घेऊन आले, तर दगडाभोवती बायकांची आरती चाललेली. खुर्ची टाकायला जागाच नव्हती. हे माझंच काम, असं मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं.

"धोंडा वाचवला तुम्ही, ताई," ते म्हणाले. "पण देवासंग काय बोलू जी मी? मिठाचं त्याले काय सांगू?"

खुर्ची उचलून ते वर गेले. पुन्हा कधी खाली येऊन बसले नाहीत. फार चुकलं माझं.

गेल्या वर्षी काका गेले. मुलाने फ्लॅट विकला. दगडावर आता पत्रा आहे, घंटा आहे, मंगळवारी नारळ फुटतात. तो कुणाचा, हे आता एकट्या मला आठवतं. गर्दी पांगली की मी जाते, त्या शेंदरावर तळहात ठेवते आणि सांगते, "सुमनकाकू, आज भाजीत मीठ जरा जास्तच पडलं हो."