पंचाचा फोटो

सकाळचे अकरा वाजले होते. मी घरूनच ऑफिसचं काम करत होतो, म्हणजे दर दोन मिनिटांनी उठून बाल्कनीत जात होतो. समोरच्या रो-हाउसपुढे पोलिसांची गाडी आणि एक रिकामा टेम्पो उभा होता. भाड्याने दिलेलं ते घर. त्याच्या खिडक्या उघडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. आता आतून पोत्यांमागून पोती बाहेर येत होती. गुटखा. घरभर गुटखाच होता म्हणे.

एवढ्यात बेल वाजली. दारात घामाघूम झालेला हवालदार.

"साहेब, पंच म्हणून चला ना खाली. दोन माणसं पाहिजेत. पोती मोजायची, सही करायची. लय टाइम नाय लागणार."

पंच होणं म्हणजे काय, हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. पोलिसांनी काय काय जप्त केलं याचा साक्षीदार व्हायचं, पंचनाम्यावर सही करायची आणि मग कधीतरी, आपण सगळं विसरल्यावर, कोर्टाचं बोलावणं यायचं. शिवाय गुटखेवाल्यांनी आपला चेहरा लक्षात ठेवला तर ती भीती वेगळीच. म्हणून पोलिसांची गाडी दिसली की इथले धडधाकट पुरुष एकाएकी आजारी पडतात.

"मीटिंग चालू आहे हो," मी म्हणालो. लॅपटॉपवर क्रिकेटचा स्कोअर होता.

हवालदार मुकाट्याने उतरला. मला जरा हायसं वाटलं, पण खुर्चीत बसवेना. पुन्हा बाल्कनी गाठली आणि वाळत घातलेल्या चादरीआडून मोबाइल काढला. खाली जायची छाती नव्हती आणि न बघता राहवतही नव्हतं. पोत्यांचे काढले, टेम्पोचे काढले, वीस-पंचवीस फोटो झाले असतील.

त्यातला एक फारच छान आला. आमच्या तळमजल्यावर एक गुरुजी राहतात. बाहेरगावची माणसं श्राद्धपक्षासाठी नाशकात येतात, त्यांचे विधी ते गोदावरीवर करून देतात. ते नेमके त्याच वेळी रामकुंडावरून स्कूटरवर परतले. धोतर, उपरणं, खांद्याला पिशवी. हवालदाराने त्यांना गाठलं आणि ते पिशवीसुद्धा न ठेवता गेले. दुसरा पंच म्हणून कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मिळाला होता, पण तो माझ्या फोटोत टेम्पोमागे झाकला गेला. फोटोत दिसत होतं ते एवढंच: दोन्ही बाजूंना दोन पोलीस आणि मध्ये मान खाली घातलेले गुरुजी. ते हातातला कागद वाचत होते, पण कागद कुंपणाच्या भिंतीआड गेला होता.

मी तोच फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आपल्या कॉलनीत धाड!' गुरुजी तिथे कशासाठी उभे आहेत हे मला माहीत होतं. लिहिलं मात्र नाही. लिहायला काय झालं होतं? चार शब्दांचं तर काम होतं. पण पंचाचं नाव काढलं की आधी कुणाला विचारलं होतं तेही निघालं असतं.

संध्याकाळी माझाच फोटो देवळ्याच्या मावसभावाकडून मला परत आला. खाली ओळ होती, 'नाशकात भटजीच्या घरात गुटख्याचा साठा.'

मी ग्रुपवरचा फोटो तडकाफडकी काढून टाकला. त्याचा काय उपयोग? पुढचे दोन दिवस मी नुसता घरात येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, "तू एक तर बस, नाही तर बाहेर जा." तिसऱ्या दिवशी तिनेच बातमी आणली. पितृपक्ष पंधरा दिवसांवर आलेला, गुरुजींचं वर्षभराचं घर ज्यावर चालतं तो पंधरवडा, आणि तीन यजमानांनी यंदा येत नाही म्हणून कळवलं होतं. त्यात जालन्याचं एक कुटुंब होतं, गुरुजींच्या वडिलांच्या वेळेपासून येणारं.

मग मी ग्रुपवर खुलासा टाकला: 'गुरुजी पंच म्हणून उपस्थित होते. कृपया गैरसमज नसावा.' खाली भराभर नमस्काराचे हात उमटले. मला वाटलं, सुटलो. तरी पाय वळले तळमजल्याकडेच.

गुरुजी विधीत बोटात घालायची दर्भाची पवित्रकं वळत बसले होते.

"तो फोटो मी काढला होता," मी उभ्याउभ्याच म्हणालो.

"कळलं ते. तुमच्याच बाल्कनीतून तेवढं दिसतं."

"मी खुलासा टाकलाय."

"वाचला. अर्धाच आहे." त्यांनी वर पाहिलं नाही. "हवालदार मला म्हणाला, वरच्या साहेबांची मीटिंग आहे, तुम्ही तरी चला."

तिथून पळून जावंसं वाटलं, हे कबूल करतो. पण गुरुजींनी फोन उचलून नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

"जालना. घरातल्या मोठ्या बाई आहेत. ग्रुपवर नको, त्यांच्याशी बोला."

मी बोललो. फोटो मी काढला, गुरुजी फक्त साक्षीदार होते, त्यांच्या घरात काही सापडलेलं नाही. पोलीस आधी माझ्याकडे आले होते, मी गेलो नाही, म्हणून गुरुजी गेले. एका दमात सगळं सांगून टाकलं.

मग बाईंनी विचारलं, "पण मग तुम्ही का नाही गेलात?"

मीटिंग अगदी ओठांवर आली होती. समोर पुन्हा दर्भ वळू लागलेली गुरुजींची बोटं थांबली होती.

"घाबरलो," मी म्हणालो.

"असं होय. द्या त्यांना फोन."

गुरुजींनी फोन घेतला, आधी बाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग तिथी सांगू लागले. बोलता बोलता त्यांनी मला हातानेच जायला सांगितलं.