टाटा केल्याशिवाय जायचं नाही

आमच्या पाळणाघराच्या दारात सकाळी साडेआठला जो आक्रोश चालतो, तो पहिल्यांदा ऐकणारा माणूस आत जाण्याऐवजी मदत बोलवायला धावतो. अकरा मुलं, अकरा सूर, आणि ठेका धरायला कुणीतरी डबा जमिनीवर आपटत असतं. या सगळ्याच्या मधोमध एक ठेंगणी, ऐसपैस बाई चौकटीला टेकून अशी निवांत उभी असते, जणू गाण्याला बसली आहे. ही दारमावशी. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल. गेली अठरा वर्षं ती त्या दारात उभी राहते, म्हणून दारमावशी.

तिचा नियम एकच. "चोरून जायचं नाही. टाटा करून जायचं. रडलं तर रडू दे."

दुसरीकडे म्हणे मुलाला खुळखुळा दाखवतात. मूल तिकडे बघतं, आई मागच्या दारानं पसार. काम कसं बिनबोभाट! पण मावशीला खुळखुळ्याचा भारी राग. "अहो, एकदा पाठ फिरवली नि आई गेली," ती म्हणते, "मग ते पोर पुन्हा पाठ फिरवेल होय? दिवसभर दाराकडे डोळे लावून बसतं. ना खेळ, ना घास. त्यापेक्षा चार मिनिटं बोंबलून घेतलेलं काय वाईट?"

मला हे शास्त्र माहीत नव्हतं. कन्येच्या पहिल्याच दिवशी, ती ठोकळ्यांत रमलेली बघून मी बूट हातात घेतले आणि चवड्यांवर निघालो. दारात कॉलर पकडली गेली.

"काय हो बाबा, काय उचललंत?"

"काही नाही, माझेच बूट आहेत."

"मग चोरासारखे का निघालात? चला मागे."

मागे गेलो, टाटा केला. कन्येनं जो टाहो फोडला, तो ऐकून मी बाहेर येऊन खिडकीखालच्या झुडपात उभा राहिलो आणि काचेतून बघत बसलो. पुढे कधीतरी मावशीची रडण्याची वही माझ्या हाती लागली. कोण किती रडलं, रोजचं रोज त्यात लिहिलेलं असतं. त्या तारखेला कन्येपुढे होतं, 'चार मिनिटं. मग ठोकळे.' आणि खाली, 'बाबा, झुडपात, सतरा मिनिटं.'

तर अशा या मावशीच्या दारावर यंदा संक्रांत आली. झालं असं, की आमच्या संचालिकाबाई स्वभावानं चांगल्या, आवाजानं मऊ, पण त्यांना शांततेचं वेड. दोन गल्ल्या पलीकडच्या पाळणाघरात म्हणे इतकी शांतता असते, की आत मुलं आहेत की नाहीत ते कळत नाही. हे त्या कौतुकानं सांगतात! त्यातच तपासणीची तारीख आली. तपासणीच्या कागदावर एक रकाना होता, 'सकाळचे वातावरण : शांत / अशांत.'

"मावशी," आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी 'अशांत'वर खूण झाली होती. यंदा झाली, तर उद्यापासून तुम्ही दुपट्यांच्या खोलीत. धुवायचं, घड्या घालायच्या. दारात नवी मुलगी उभी करीन."

"खुळखुळेवाली?"

"प्रशिक्षित," बाई म्हणाल्या.

"दुपटी बोलत नाहीत हो," मावशी हसत म्हणाली. पण बोलताना तिचा हात चौकटीवर फिरत होता. तिथला रंग बरोबर तिच्या खांद्याच्या उंचीवर उडालेला आहे.

तपासणीच्या दिवशी पालकांचा प्रतिनिधी म्हणून मला बसवलं होतं, कारण बाकीच्या पालकांना कामं होती. बाईंनी सकाळीच एक कोरा करकरीत खुळखुळा मावशीच्या हातात दिला. "आजच्या दिवस तरी!"

मावशीनं तो उलटसुलट करून पाहिला. तेवढ्यात एक बाबा मुलाला सोडून डोळे पुसत निघाले होते. मावशीनं खुळखुळा त्यांच्या हातात ठेवला. "हा तुम्ही न्या. तुम्हाला जास्त गरज आहे."

आणि नेमक्या त्या क्षणी तपासनीसबाई आत आल्या. उंच, सडपातळ, काखेत कागद चिमट्यात लावलेली पाटी, अंगात मोठमोठ्या लाकडी बटणांचा स्वेटर. अकरा गळे पूर्ण भरात होते. त्यांनी उभ्या उभ्या पेन काढलं आणि 'अशांत'वर ठसठशीत खूण केली. संचालिकाबाईंचा चेहरा असा पडला, की उचलायला दोन माणसं लागली असती.

पावणेनऊला सगळं थांबलं.

"थांबले कसे?" तपासनीसबाईंनी विचारलं.

"रडून झालं," मावशी म्हणाली.

"बरं. संख्याज्ञानाचा तक्ता कुठे आहे?"

मावशीनं चपलांची फळी दाखवली. दोन पोरं तिथे बसून बावीस चपलांच्या जोड्या लावत होती. एक जोडी चुकली म्हणून एकानं दुसऱ्याला चपलेनंच समजावलं. तपासनीसबाईंनी काहीतरी लिहिलं.

"आणि वेळेची समज?" असं म्हणून त्या आमच्या कन्येकडे वळल्या. "बाळ, किती वाजले सांग बरं?"

कन्येनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बापाची मान खाली जावी. "अजून केळं नाही झालं."

"आमच्या घड्याळात तीनच आकडे," मावशीनं सांगितलं. "झोप, मग केळं, मग आई."

"आणि केळं झालं तरी आई आली नाही तर?"

"तर तसं सांगते. आज आईला उशीर आहे म्हणून. आणि दुसरं केळं देते."

आता त्या खोलीत दोन वर्षांचा एक गृहस्थ आहे. माणसापेक्षा माणसाच्या बटणावर त्याचा जीव, म्हणून त्याला सगळे बटणराव म्हणतात. त्यानं तपासनीसबाईंचा स्वेटर पाहिला आणि त्याचं भाग्य उजळलं. दुपारी झोपेच्या वेळी तो आला, मांडीवर चढला, मधलं बटण मुठीत धरलं आणि झोपला. दोन तास तपासनीसबाई हलल्या नाहीत. पेन खाली पडलं, तेही मीच उचलून दिलं.

तीन वाजता त्यांची निघायची वेळ झाली. बटणराव उठून केळं खात होते, पाठ दाराकडे.

"मॅडम, हीच वेळ आहे," संचालिकाबाई कुजबुजल्या. "त्याचं लक्ष नाहीये. निघा."

आणि तपासनीसबाईंनी, देवाशपथ सांगतो, बूट हातात घेतले आणि त्या चवड्यांवर निघाल्या.

दारात मावशी.

"कुठे निघालात?"

"माझी वेळ झाली."

"त्याला सांगितलंत?"

"तो खातोय. उगाच रडेल."

"रडेल की! दोन तास तुमच्या मांडीवर झोपला. न सांगता कुणी उठून गेलं, तर तुम्हाला चालेल?"

"मावशी!" संचालिकाबाईंचा मऊ आवाज पहिल्यांदाच फाटला. "अहो, कुणाशी बोलताय!"

"ठाऊक आहे बाई. उद्या मी दुपट्यांत असेन. पण आज दार माझं आहे. टाटा केल्याशिवाय जायचं नाही."

तपासनीसबाईंनी मावशीकडे पाहिलं, हातातल्या बुटांकडे पाहिलं आणि त्या लाजल्या. बूट खाली ठेवून परत गेल्या, बटणरावासमोर उकिडव्या बसल्या.

"मी जाते हं. टाटा. उद्या... उद्या येईन."

"खोटं नको," दारातून मावशी.

"उद्या नाही येणार," तपासनीसबाई हळूच म्हणाल्या.

बटणरावानं त्यांच्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं आणि ते घट्ट धरून असा गळा काढला, की शेजारच्या पोराच्या हातातलं केळं पडलं. मावशीनं मूठ सोडवली आणि त्याला कडेवर घेतलं. बटण एका दोऱ्यावर लोंबत राहिलं.

तपासनीसबाई बाहेर पडल्या, पण फाटकाकडे गेल्या नाहीत. मी बघायला गेलो, तर त्या झुडपात. मागे घामाघूम संचालिकाबाई.

"तिथून नीट दिसत नाही," मी म्हणालो. "जरा डावीकडे सरका. जागा माझी आहे, पण आज तुम्ही वापरा."

त्या घड्याळ बघत होत्या. आत बटणराव मावशीच्या खांद्यावर एकदा हुंदकला, दोनदा हुंदकला, मग त्याला मावशीच्या कामाच्या झग्याचं बटण सापडलं. मग तो खाली उतरला आणि चपलांच्या फळीकडे गेला. दाराकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"दोन मिनिटं," तपासनीसबाई स्वतःशीच म्हणाल्या. तरीही त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. मग त्यांनी पाटी खिडकीच्या कट्ट्यावर टेकवली. 'अशांत'वरची खूण काही खोडली नाही. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'मुले रडतात. रडून थांबतात. थांबवू नये. दारातील मावशी बदलू नये.' आणि कागद संचालिकाबाईंच्या हातात दिला. बाईंनी तो तीनदा वाचला आणि त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "दारालाच रंग द्यायला झालाय, नाही?"

"खांद्याची जागा सोडून द्या," मी म्हणालो.

संध्याकाळी कन्येला न्यायला गेलो, तेव्हा वही उघडीच होती. त्या दिवसाची शेवटची ओळ अशी, 'बटणराव, दोन मिनिटं. तपासनीसबाई, झुडपात, नऊ.'

म्हणजे सतरा मिनिटांचा विक्रम अजून माझ्याच नावावर आहे.